कुंकवाच्या करंड्यातला शंख

"आजी, तुझं आडनाव एका गोगलगायीच्या शेपटीला लागलंय!"

नात संगणकावर शाळेचं काहीतरी शोधत होती आणि तिला मी सापडले. पडद्यावर एक लांबलचक लॅटिन नाव, त्याच्या मागे माझं आडनाव. शेपटी नव्हे गो, मी म्हटलं. नव्या प्रजातीचं पहिलं वर्णन जो छापतो त्याचं आडनाव तिच्या नावामागे लावतात, अशी रीत आहे. आणि ही अंगणातली गोगलगाय नव्हे, खोल समुद्रातली आहे.

"केवढी असते?"

"मोहरीच्या दाण्याहून जरा मोठी."

"एवढीशी?" तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. एवढ्याशा जिवामागे एवढी मोठी आजी कशाला लागली, असं तिला विचारायचं असावं. मी तिला थोडक्यात सगळं सांगितलं. इथे सविस्तर लिहिते, कारण थोडक्यात सांगताना मी त्यात फारच शहाणी निघाले.

मी गोव्यातल्या डिचोलीची. आमच्या दारावरून दिवसभर खनिजाचे ट्रक जायचे आणि आमचं सगळं काही लाल असायचं. पायरी लाल, तुळस लाल, वाळत घातलेली चादर लाल. समुद्र ही सहलीला जाऊन बघायची गोष्ट होती. माझा पाण्याशी संबंध आला तो आमोण्याला, मावशीकडे. तिथे ओहोटीच्या वेळी मांडवीच्या चिखलात उतरून आम्ही मुलं खुबे, म्हणजे शिंपले, काढायचो आणि मावशी त्यांचं खोबरं घालून सुकं करायची. अशी खाण्याच्या वाटेने मी प्राणिशास्त्रात शिरले, आणि पुढे पणजीच्या बाजूला समुद्राचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेत चिकटले. आई म्हणाली, "लाल माती सोडून गेलीस ती करड्या चिखलात पडलीस."

ते अक्षरशः खरं होतं. संस्थेचं जहाज लांब जाऊन, जिथे उजेडसुद्धा पोचत नाही अशा तळाचा चिखल उपसून आणायचं. तो चाळणीत धुवायचा, उरलेला गाळ बशीत पसरायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली कुंचल्याच्या टोकाने निवडायचा. तांदूळ निवडण्यासारखंच काम, फक्त इथे खडेच ठेवायचे असतात. बायकांना तेव्हा सहसा जहाजावर पाठवत नसत. या अन्यायाविरुद्ध मी चहाच्या वेळी फार तडफेने बोलायचे. आतून मात्र मी त्या अन्यायाची ऋणी होते, कारण पणजीहून बेतीला फेरीबोटीने जाताना, दोन्ही किनारे दिसत असतानासुद्धा, माझ्या पोटात ढवळायचं.

एके दिवशी बशीत तो दिसला. काचेसारखा पांढरा, उंच निमुळता शंख, वळणांवर बारीक जाळीची नक्षी, आणि तोंडाशी तपकिरी झाकण घट्ट लावलेलं. एवढ्या खोलातून रिकामे शंख बरेच यायचे. झाकण लावलेला म्हणजे जीव आत असलेला शंख क्वचित मिळे. मी पुस्तकं काढली, जुने अंक काढले, जगात कुठेकुठे असे शंख मिळालेत त्यांची चित्रं एकामागून एक लावून बघितली. जुळेना. नवीन प्रजाती! आणि ती मला मिळाली! जहाज कुणाचं, जाळं कुणी टाकलं, चिखल कुणी उचलला, हे सगळे माझ्या मते केवळ हमाल होते.

त्या आठवड्यात मी टीपकागदावर त्या अजून न ठरलेल्या नावामागे माझं आडनाव लिहून लिहून पाहिलं. माहेरचं बरं दिसतं की सासरचं? माहेरचं आखूड होतं. सासरचं जरा भारदस्त. शेवटी सासरचं ठेवलं, आणि सासरच्यांवर उपकार केल्यासारखी त्या शनिवारी पेडण्याला गेले.

आमचे विभागप्रमुख, म्हणजे सर, शांत माणूस. सासष्टीचे. त्यांनी शंख बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "नवो दिसता खरो. पूण दांत?"

गोगलगायीला जिभेसारखी एक पट्टी असते आणि तिच्यावर दातांच्या ओळी. शंख एकमेकांसारखे दिसू शकतात, पण दात खोटं बोलत नाहीत, म्हणून कुळ ठरवायला दात बघावे लागतात. माझ्या शंखातला जीव आत खोल आक्रसून बसला होता. त्याला बाहेर काढायचं तर शंख फोडावा लागणार. आणि शंख एकच. जो नमुना समोर ठेवून नवीन प्रजाती सांगतात तोच जगाचा मूळ नमुना होतो. तो म्हणे जपून ठेवायचा, शेकडो वर्षं, येणाऱ्या-जाणाऱ्याला बघता यावा म्हणून. फोडला तर दाखवायला काय उरणार? न फोडला तर दात नाहीत, आणि दात नाहीत तर वर्णन परत येणार.

"तूंच थारय," सर म्हणाले.

मी ठरवलं नाही. त्याऐवजी चित्र काढत बसले. वळण आणि वळण, नक्षीचा प्रत्येक दोरा, शंखाच्या टोकाचा पिल्लूपणीचा गुळगुळीत भाग. चित्र चालू असेपर्यंत शंख फोडायचा प्रश्न येत नव्हता, म्हणून ते चित्र संपतच नव्हतं. आणि मधल्या काळात कुळाविषयीचं पान मी आपलं लिहूनही टाकलं. दात कशाला हवेत? मला शंखावरून कळतं. असं वाक्य मी लिहिलं नाही, पण त्या पानाचा सूर तोच होता.

तोवर ही बातमी पेडण्यात पोचली होती. पोचवणारी मीच. माझे सासरे निवृत्त मराठी शिक्षक. तेव्हा कोकणी की मराठी असं राजभाषेचं आंदोलन पेटलं होतं आणि ते मराठीच्या बाजूचे, म्हणजे अगदी पुढच्या ओळीतले. घरात सगळे पेडण्याच्या बोलीत बोलत, सासरे तेवढे छापील मराठीत. चिडले की मात्र त्यांनाही बोलीच सुचायची. त्यांनी विचारलं, "नाव कोणत्या भाषेत देणार आहेस?"

"लॅटिन, भाऊ. तशी रीत आहे."

"पोर्तुगीज गेले, आणि आता तू त्यांचे पणजोबा घरात आणणार?"

तरीही त्यांना अभिमान होता. बाजारात न्हाव्यापासून भुसाऱ्यापर्यंत सगळ्यांना त्यांनी सांगून ठेवलं की आमच्या सुनेने समुद्राच्या तळातून शंख शोधून काढला आहे. "बुडी मारली काय तिणें?" असं न्हाव्याने विचारलं म्हणे. सासऱ्यांनी ते नाकारलं नाही. मला कळल्यावर मीही नाकारलं नाही.

आणि गणपतीची चवथ आली.

पेडण्याला चवथीला सून नाही असं होत नाही. सुट्टी मिळाली, पण चित्राचं टोक राहिलं होतं. म्हणून मी संस्थेचा छोटा सूक्ष्मदर्शक रीतसर सही करून घेतला आणि शंखाची बाटली हातरुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवली. एकुलता एक मूळ नमुना पर्समधून घरी न्यायचा नसतो, हे मला माहीत होतं. पण मी वेगळी होते ना.

त्या पावसाळ्यात मांडवीवरचा पूल कोसळला होता, त्यामुळे सगळी पणजी फेरीबोटीने ये-जा करत होती. मांडीवर सूक्ष्मदर्शकाची पेटी, पर्समध्ये शंख, आणि पोटात नेहमीचं ढवळणं. शेजारची बाई गणपतीवर टांगायच्या माटोळीची नारळांची जोडी सांभाळत होती. तिने पेटीकडे बोट दाखवून विचारलं, "शिवणाचें मशीन?" मी हो म्हटलं, कारण तोंड जास्त उघडणं धोक्याचं होतं. नवरा सुर्ल्याच्या खाणीच्या ऑफिसातून परस्पर म्हापशाला आला होता, लाल कॉलरीसकट. त्याने पेटी घेतली आणि म्हणाला, "ह्यात काय, दगड?" ज्याचा दिवस खनिजाची टनावारी लिहिण्यात जातो त्याला वजनाच्या सगळ्या गोष्टी दगड वाटतात.

घरात पोचले तर सासूबाई दारातच. शेणाने सारवलेलं खळं, आत तळलेल्या नेवऱ्या-करंज्यांचा वास, पुढच्या खोलीत माटोळीची चौकट टांगून तयार. सासूबाईंनी पर्समधली बाटली बघितली आणि हात पुढे केला.

"ह्यां काय हाडलंस गो?"

"शंख आई. माझा तो."

त्यांनी बाटली उजेडाकडे धरली. मग बूच काढून वास घेतला. आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी आल्या पावली पणजीला परत जायला तयार झाले.

"दारू?"

"स्पिरिट, आई. नमुना टिकावा म्हणून."

"दारूत खुबो." त्या दोन शब्दांत त्यांनी माझं सगळं शिक्षण गुंडाळलं. "घरात उद्या गणपती बसतलो. सगळां घर शिवराक, माशाचो वास पण नाय. आणि तू खुबो हाडलंस, तोय दारयेत बुडवून. मीठ-मसालो तेवढो घालूक इसारलंस काय?"

"खायचा नव्हे आई, बघायचा आहे."

"मगे गोठ्यात ठेव आणि थंय बस बघीत."

सासरे मध्ये पडले. "अगं, विज्ञान आहे ते."

"विज्ञानाक सोवळां नाय?" सासूबाई म्हणाल्या. "तुमी भायर घोषणा देयत आसतास, तितूरच बरे."

जगाचा मूळ नमुना गोठ्यात! म्हशीने शेपटी फिरवली की संपलं. मी बाटली घेऊन पडवीत उभी राहिले आणि मला एक युक्ती सुचली. माझ्या आयुष्यातल्या सगळ्या हुशार युक्त्यांमध्ये ही पहिल्या नंबरची. खुबा चालत नाही, दारू चालत नाही. पण शंख? शंख तर देवघरातही असतो!

मी चिमट्याने शंख बाहेर काढला, स्पिरिट परसात ओतलं, शंख टीपकागदावर टिपून पडवीच्या उघड्या जनेलात वाळवला. आतला जीव आत सुकला. सुकलेल्या जिवाचे दात काढणं किती अवघड असतं हे मला ठाऊक होतं, पण त्या वेळी माझ्यासमोर दात नव्हते, सासूबाई होत्या. कोरडा शंख कागदावर घेऊन त्यांच्यापुढे गेले.

"आता हा खुबा नाही. शंख झाला."

त्यांनी वाकून पाहिलं. त्यांच्या तोंडात तेव्हा एकही दात नव्हता, आणि हसू दाबलं की गाल पार आत जायचे. ते गेले.

"शाणी आसस," त्या म्हणाल्या. "शंख म्हणजे देवाचो. पण कागदार कित्याक? उडान जायत."

आणि त्यांनी कपाटातून आपला कुंकवाचा करंडा काढला. सावंतवाडीचा, लाकडी, लाखेच्या रंगाचा, लाल-पिवळ्या पट्ट्यांचा. त्यांच्या लग्नातला. आतलं उरलंसुरलं कुंकू पदराने पुसलं, कापसाची गादी केली आणि शंख त्यावर ठेवला. फारच सुंदर दिसत होता. संस्थेतल्या काचेच्या नळ्यांत ठेवले की नमुने दवाखान्यातले वाटतात. मला पटलं, की माझ्या प्रजातीला शोभेल अशी हीच जागा.

चवथीच्या दिवशी सकाळी उठून पाहते तर करंडा मेजावर नाही. गणपतीपुढे. झाकण उघडं, बाजूला दूर्वा, आणि शंखावर मायेने एक कुंकवाचं बोट. मूळ नमुना गुलाबी झाला होता.

"आई!"

"कित्याक वरडतंस? कोरो शंख देवापुढे ठेवतत?"

मग दर्शनाला येणारी माणसं. सासरे करंड्याशेजारी लाकडी कदेल टाकून बसले, हातात माझं भिंग. आधी गणपतीला नमस्कार, मग माटोळीचं कौतुक, मग सासरे: "आणि हा आमच्या सुनेने शोधलेला शंख." लोक वाकत, करंड्यात कापूस दिसे. "खंय?" "तो काय, गुलाबी." "तां कुंकू न्हय?" शेजारच्या म्हाताऱ्या काकी भिंगातून खूप वेळ बघत राहिल्या आणि त्यांनी हात जोडले. त्यांना दिसला होता तो दूर्वेचा तुकडा, हे मी बघितलं, पण बोलले नाही.

भटजींनी विचारलं, "दक्षिणावर्ती काय?"

एवढं पुरलं. शंखाचं वळण उजवं कसं आणि डावं कसं, शास्त्र कशाला उजवं म्हणतं आणि पूजेत उलटं का म्हणतात, हे मी त्यांना हातवारे करून समजावलं. पानातलं भाज्यांचं खतखतं निवलं. आरतीचं घुमट वाजवणारे ताटकळले. शेवटी भटजी म्हणाले, "म्हणजे साधाच."

आणि मी म्हटलं, "साधा नव्हे, नवीन आहे. जगात एकच." हे मी पुढचे सगळे दिवस येईल त्याला म्हणाले. फुगडी घालताना दम लागलेला असतानासुद्धा म्हणाले.

विसर्जन झालं. मी निघाले तेव्हा सासूबाईंनी करंडा कापडात बांधून दिला. "घेवन जा. पण परत हाड हां. माझो आसा तो." मी तो संस्थेत नेला आणि आमच्या लोखंडी कपाटाच्या खणात, सगळ्या गरीब काचेच्या नळ्यांच्या मधोमध, राजासारखा ठेवला.

त्यानंतर दिवस असे गेले की शंखाकडे बघायला कुणाला सवड नव्हती. भाषेच्या आंदोलनाने रस्ते अडले, बसगाड्या बंद पडल्या, कधी मी पेडण्यात अडकले, कधी पणजीत. सर कोकणीच्या बाजूचे. ते मोर्चातून थेट प्रयोगशाळेत यायचे, घामेजलेले, आणि मुकाट्याने चिखल निवडायला बसायचे. पेडण्याला सासरे मराठीच्या सभेतून यायचे आणि माझ्याकडे सरांची चौकशी करायचे: "तुझे ते कोकणीवाले बरे आहेत ना?" सरही सासऱ्यांचं विचारायचे, "मामांव कसो आसा? घसो बसला काय?" दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं.

वातावरण निवळल्यावर एकदा सरांनी विचारलं, "शंखाचें कितें जालें?" मी ऐटीत करंडा काढला. सरांनी झाकण उघडलं आणि नाक बाजूला केलं. आंबूस वास. सिरक्यासारखा. कापसावर शंख होता, म्हणजे शंखाच्या आकाराचं गुलाबट पीठ होतं. नक्षी नाही, चकाकी नाही. मी कुंचल्याचं टोक लावलं, नुसतं लावलं, आणि माझी नवीन प्रजाती शांतपणे कोसळली.

सर म्हणाले, "लांकूड."

त्यांना जास्त बोलायची गरज नव्हती. लाकडातून आंबट वाफ सुटते, दमट हवेत जास्तच, आणि शंख म्हणजे चुना. बंद लाकडी डबीत तो खाल्ला जातो. म्हणून तर संस्थेतली सगळी कपाटं लोखंडी होती. म्हणून तर दर वर्षी नव्या मुलांना पहिल्याच दिवशी बजावून सांगायचं असे: लाकूड नको. ते बजावून सांगण्याचं काम कुणाकडे होतं? माझ्याकडे. त्या वर्षीही मी सांगितलं होतं, मागच्या खणात करंडा ठेवलेला असताना, बोट नाचवून.

मला वाटलं होतं सर ओरडतील. ते हसायला लागले. आधी हळू, मग चष्मा काढून. "कुंकवाच्या करंड्यांत! म्हजे बाये!"

मी मात्र रडकुंडीला आले होते. पेडण्याच्या न्हाव्यापर्यंत बातमी पोचलेली. काकींनी हात जोडलेले. जगात एकच आहे असं शपथेवर सांगितलेला शंख आता जगात एकही नव्हता. आडनाव लावायचं कशाला?

सर भिंग घेऊन पिठात बघत होते. एकदम म्हणाले, "जीव हांगा आसा."

पिठात तपकिरी कण होता, चहाच्या पत्तीसारखा. सुकलेला प्राणी. शंख गेला, पण त्याच्या आतलं होतं तिथेच. आम्ही तो कण पाण्याच्या थेंबात ठेवला, फुगू दिला, मग जहाल क्षाराच्या थेंबात मांस विरघळू दिलं. दातांची पट्टी त्यात विरघळत नाही. मी कुंचला धरून बसले होते. थेंब निवळला आणि काचेवर एक बारीक केसाएवढी पट्टी उरली. सूक्ष्मदर्शकाखाली ती लावली. दातांच्या ओळी! एकामागून एक, जशा कुणी नुकत्याच मांडल्यात.

सरांनी पाहिलं, मला पाहायला दिलं, मग पुन्हा पाहिलं.

"नवें आसा," ते म्हणाले. "शंभर टक्के."

मी उडी मारणार तेवढ्यात ते म्हणाले, "पूण तुवें बरयलां त्या कुळांतलें न्हय."

कुळाविषयीचं ते सुंदर पान, आत्मविश्वासाने ओथंबलेलं, पहिल्या शब्दापासून चुकीचं होतं. शंख न फोडता मी वर्णन पाठवलं असतं, आणि कुठल्या भोळ्या संपादकाने ते चुकून छापलं असतं, तर माझं आडनाव माझ्याच घोडचुकीच्या मागे कायमचं लागलं असतं. ज्या शंखाला फोडायचा मला धीर होत नव्हता, त्याला सासूबाईंच्या करंड्याने, कुणालाही न विचारता, आतून-बाहेरून फोडून ठेवलं होतं.

पण नुसते दात आणि पीठ पाठवून भागत नाही. त्या जागेचा उरलेला गाळ सगळा पुन्हा निवडायचा ठरला. मी निवडला. तक्रार करायला तोंड नव्हतं. गाळात दोन रिकामे शंख मिळाले, तोंडाशी झिजलेले, पण जाळीची नक्षी तीच, टोक तेच. माझ्या चित्राशी ताडून पाहिले, जुळले. कधी न संपणारं ते चित्र शेवटी या कामी आलं. ते मी भित्रेपणाने काढत बसले होते हे सोडलं तर ते फार अचूक चित्र होतं, आजही म्हणेन.

नावाचा प्रश्न आला. स्वतःचं नाव स्वतः द्यायचं नसतं, नाहीतर मी दिलंच असतं. सासऱ्यांचं नाव द्यावं तर सरांच्या तोंडावर मराठीचा झेंडा लावल्यासारखं. सरांचं द्यावं तर सासरे जेवणार नाहीत. गावाचं द्यावं तर डिचोली रुसते की पेडणे, हा वाद. संस्थेत आणि घरात दोन्ही बाजूंना मान्य होईल असं एकच माणूस मला सुचलं. राजभाषा कुठली व्हावी हे त्या काळात ज्यांना कुणी विचारलंच नव्हतं, आणि ज्या दोन्ही पक्षांना सारख्याच आवाजात गप्प करत, त्या सासूबाई. त्यांच्या नावाला लॅटिनची स्त्रीलिंगी शेपटी लावली. सरांनी मान हलवली. सासऱ्यांनी ते नाव मोठ्याने उच्चारून पाहिलं आणि म्हणाले, "पणजोबा निदान आपल्या घरातल्या बाईला मान देतात म्हणायचं."

छापून यायला वेळ लागला. तोवर गोवा घटक राज्य झाला होता. लेखाच्या सुट्या प्रती आल्या, तेव्हा मी एक पेडण्याला घेऊन गेले. मी छापील नावामागचं माझं आडनाव अंगठ्याने दाखवत होते. कुणी तिकडे बघितलं नाही. सगळे सासूबाईंचं नाव बघत होते.

"माझ्या नावाचो खुबो?" त्या म्हणाल्या.

"शंख, आई."

"आता शंख काय आणि खुबो काय." त्यांनी पान उलटलं. तिथे दातांचं चित्र होतं, पानभर मोठं करून काढलेलं, ओळीमागून ओळ. त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"ह्यां काय गो?"

"दात आहेत. तिचे."

"इतके?"

"इतके."

त्यांचे गाल आत गेले. "माझ्या नावाचां, आणि इतके दात! एक तरी माका दी म्हणून सांग तिका. सुपारी फोडूक."

मग त्यांनी कागद घडी घालून माझ्या हातात दिला, आणि त्यांच्या मते जी गोष्ट या सगळ्यात महत्त्वाची होती ती विचारली.

"माझो करंडो खंय?"

करंडा मी पुढच्या शनिवारी आणून दिला. त्यांनी तो हुंगला, उन्हात ठेवला, पुन्हा हुंगला आणि त्यात कुंकू भरलं. कुंकवाला त्याने कधीच काही केलं नाही. आता तो माझ्या कपाटात आहे. रात्री मी माझी कवळी काढते ती मात्र काचेच्या कोपात ठेवते, पाण्यात. नातीने विचारलं, "ह्या डबीत का नाही ठेवत?" मी म्हटलं, "लाकूड नको," आणि सवयीने बोट नाचवलं.